डोळ्यांतले पाणी कोणाच्या खाती?



आमच्या वस्तीत संध्याकाळी सातनंतर गल्लीतून चालत गेले की एका घरातून सासूचे ओरडणे, दुसऱ्या घरातून विजांचा कडकडाट आणि तिसऱ्या घरातून हुंदके ऐकू येतात. नवा माणूस घाबरून जाईल. पण भांडण कुठेच नसते, सगळे टीव्हीतले असते. दिवसभर धुण्याभांड्याला, कारखान्यात किंवा भाजीच्या पाटीमागे राबून आलेल्या आमच्या मायबहिणी भाकरी थापता थापता पदराने डोळे पुसत असतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. स्वतःच्या दुःखावर रडायला ज्यांना सवड मिळत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या दुःखावर रडून मन मोकळे केले तर त्यात वाईट काय?

पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. बी.कॉम. झालो आणि वीस वर्षांहून अधिक काळ क्लार्कच्या खुर्चीत बसून नोंदी करतो आहे. आमच्या कामात एक रुपया जरी आला, तरी तो कोणाकडून आला आणि कोणाच्या खाती जमा झाला हे विचारावेच लागते. तीच सवय मला सिनेमा पाहतानाही सुटत नाही. पडद्यावरचा एखादा प्रसंग आपल्या डोळ्यांतून पाणी काढतो, तेव्हा ते पाणी कोणाच्या खाती जमा झाले? ज्याचे दुःख होते त्याच्या, की दुसऱ्याच कोणाच्या? आजच्या लेखात हाच हिशेब मांडायचा आहे. आणि या हिशेबात माझी स्वतःचीही एक जुनी थकबाकी आहे, तीही सांगणार आहे.

गेल्या वर्षावासात एका रविवारी ग्रंथवाचन आटोपल्यावर आमच्या विहाराच्या सभागृहात तरुण मुलांनी पांढरी चादर बांधून, प्रोजेक्टर लावून नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ दाखवला. हा सिनेमा 2014 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात लागला होता. त्यातल्या जब्याच्या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मंजुळे यांना पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जब्या कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. वर्गातली शालू त्याला आवडते. गावात डुकरांचा त्रास झाला की ती पकडण्याचे काम जब्याच्या बापाच्या, कचरूच्या गळ्यात पडते. घरात मुलीचे लग्न आहे, पैसा हवा आहे, नाही म्हणायची सोय नाही. म्हणून सगळे कुटुंब दोऱ्या घेऊन डुकरांमागे धावते, आणि तेही नेमके शाळेजवळ.

हा प्रसंग सुरू झाला तेव्हा आमच्या सभागृहात पुढे बसलेली मुले खदाखदा हसली. डुक्कर इकडून निसटते, तिकडून निसटते, माणसे पडतात, धडपडतात. हसू येणारच. मोठी माणसेही हसली. खोटे कशाला बोलू, पहिला क्षणभर मीही हसलो.

मग पडद्यावर जब्या दिसला. तो आडोशाला लपलेला होता. शालूने आणि वर्गातल्या पोरांनी आपल्याला डुकरामागे धावताना पाहू नये म्हणून तो अंग चोरून उभा होता. बाप हाका मारतो, चिडतो, हात उगारतो. शेवटी पोराला त्या कामात उतरावेच लागते. आणि भोवती गाव जमलेले, फुकटचा खेळ पाहत हसणारे.

माझ्या घशात आवंढा आला. अंधार होता म्हणून बरे झाले. पण शेजारी बसलेल्या माझ्या मुलीच्या नजरेतून ते सुटले नाही. ती दहावीत आहे. घरी येताना तिने विचारले, “पप्पा, सगळे हसत होते तेव्हा तुम्ही का रडलात?”

त्या प्रश्नाचे उत्तर तिला लगेच देता आले नाही. रात्रभर विचार केला आणि लक्षात आले की तो प्रसंग आधी आपल्याला हसवतो तो मुद्दामच. आपण हसतो तेव्हा आपण गावाच्या गर्दीत बसलेलो असतो. मग कॅमेरा आपल्याला गर्दीतून उठवतो आणि जब्याजवळ नेऊन उभा करतो. तिथून पाहिले की तीच गर्दी, तेच हसणे अंगावर येते. आपण आत्ता कोणाबरोबर हसलो, हे कळते आणि लाज वाटते. दुःखी चेहरा दाखवून रडवणे सोपे असते. आधी हसवून त्या हसण्याचा जाब विचारणे फार अवघड.

त्याच धावपळीत शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरातली बाकीची माणसेही थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही. हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. कोणी भाषण करत नाही, कोणी छाती पिटत नाही. ज्यांना गावाने माणसात धरले नाही, ती माणसे देशाचा मान राखण्यासाठी दिवसाच्या कमाईवर पाणी सोडतात, एवढेच दिसते. पुढे पकडलेले डुक्कर काठीला उलटे टांगून नेतात तेव्हा मागे शाळेची भिंत असते, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे. भिंतीवर चित्रे आहेत आणि भिंतीसमोर डुक्कर वाहणारी लेकरे आहेत. ही चित्रे तुमच्या-माझ्या घरातही आहेत. चित्र आणि जगणे यांच्यात किती अंतर उरले आहे, हे एका दृश्यात दिसते.

आता दुसरा एक प्रसंग घेऊ. आमच्या आईचा आवडता सिनेमा म्हणजे बिमल रॉय यांचा 1959 चा ‘सुजाता’. नूतनचे काम इतके सुंदर आहे की आजही पाहताना गलबलून येते. अस्पृश्य आईबापाची पोरकी मुलगी एका ब्राह्मण घरात वाढते. घरातली बाई, म्हणजे आपल्या मराठी सुलोचनाबाई, तिची ओळख करून देताना ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. या एका ‘सारखी’मध्ये सगळी जातव्यवस्था आली. शेवटी ही बाई जखमी होते, रक्ताची गरज लागते, पोटच्या मुलीचे रक्त जुळत नाही, सुजाताचे जुळते. ते रक्त दिल्यावर बाईचे मन वितळते आणि ती सुजाताला मुलगी म्हणून जवळ घेते. थिएटरात रुमाल ओले झाले असणार. आमच्या घरात तर अजून होतात.

1959 साली हा विषय हिंदी पडद्यावर आणणे धाडसाचे होते, त्याबद्दल बिमल रॉय यांना मानले पाहिजे. रक्ताला जात नसते हेही तो प्रसंग सांगतो. पण जमा-खर्च मांडून पाहा. जन्मभर सोसले सुजाताने, रक्त दिले सुजाताने आणि मोठे मन कोणाचे ठरले? जवळ घेणाऱ्या बाईचे! आपल्या डोळ्यांतले पाणी तिच्या खाती जमा झाले. सुजाताने रक्त दिले नसते, ती शांत, सोशिक, गुणी नसती, चारचौघींसारखी कधी उलटून बोलली असती, तर ती माणूस नव्हती काय? माणूसपण मिळवायला आधी रक्त द्यावे लागते, ही अट त्या अश्रूंच्या पुरात कोणाच्या लक्षातच येत नाही.

याच्या उलट सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ पाहा. प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेला हा 1981 चा छोटा चित्रपट, तासाभराहूनही कमी लांबीचा. ओम पुरी झाले आहेत दुखी चांभार, स्मिता पाटील त्याची बायको झुरिया आणि आपले मोहन आगाशे पंडित. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी कामाला जुंपतो. लाकडाचा कठीण ओंडका फोडता फोडता दुखी तिथेच मरून पडतो. आता प्रेत उचलायचे कोणी? आपल्या लोकांनी नकार दिलेला, आणि पंडिताला तर शिवायचेही नाही. मग पंडित काठीच्या मदतीने मेलेल्या माणसाच्या पायात दोरीचा फास अडकवतो, शरीराला हात न लावता ते ओढत गावाबाहेर नेतो आणि मेलेली ढोरे टाकतात तिथे टाकून येतो. परत येऊन जागेवर पाणी शिंपडून ती शुद्ध करतो.

इथे रडून मोकळे होण्याची सोय नाही. कोणाचे मन वितळत नाही, कोणी कोणाला जवळ घेत नाही. कॅमेरा त्या दोरीवरून नजर हलवत नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही दोरी ओळखीची आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला होते. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वतःच्या पायावर उभे राहा असे सांगितले आणि गावोगाव लोकांनी ती दोरी हातातून टाकली. ‘सद्गती’तले प्रेत ओढत नेताना पाहिले की ती दोरी टाकणे म्हणजे काय होते, ते पुस्तकाच्या दहा पानांनी कळणार नाही इतके कळते. हे पाणी दुखीच्याच खाती जमा होते, आणि त्याच्याबरोबर संतापही जमा होतो.

आता आवाजाविषयी थोडे. मायबहिणींना एक घरगुती प्रयोग सुचवतो. मालिकेत एखादा मोठा रडण्याचा प्रसंग आला की रिमोट घ्या आणि आवाज पूर्ण बंद करा. एक थोबाडीत मारलेली तीनदा दाखवतील, पाच जणांचे चेहरे आळीपाळीने जवळून दाखवतील. आवाज नसला की काय उरते? बहुतेक वेळा हसू येते. म्हणजे तिथे दुःख नव्हतेच, वाजंत्री होती. वाजंत्री आपल्याला हुकूम सोडते, आता रडा, आणि आपण रडतो.

आणि मग 2016 चा ‘सैराट’ आठवा. ज्याच्या गाण्यांवर लोक थिएटरात उठून नाचले, त्याच सिनेमाच्या शेवटी आर्ची आणि परश्याचे छोटे बाळ शेजारणीबरोबर बाहेरून परत येते. दारात सोडून शेजारीण निघून जाते. बाळ घरात जाते. आतमध्ये आईबाप रक्तात पडलेले आहेत. बाळ रडत रडत बाहेर येते आणि त्याची इवलीशी पावले रक्ताची उमटत जातात. या वेळी पडद्यावर कसलाही आवाज नाही. संगीत नाही, किंकाळी नाही. बाळाचे रडणेसुद्धा ऐकू येत नाही. तीन तास गाजणारा सिनेमा मुका होतो. रडण्याचा हुकूम कोणी सोडत नाही. म्हणूनच लोक थिएटरातून बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नव्हते. खऱ्या प्रसंगाला वाजंत्री लागत नाही, हे यावरून शिकावे.

शेवटी दगडाची गोष्ट. श्याम बेनेगल यांच्या 1974 च्या ‘अंकुर’मध्ये जमीनदाराचा मुलगा एका मुक्या-बहिऱ्या गरिबाला चाबकाने फोडून काढतो, त्या गरिबाची बायको लक्ष्मी, म्हणजे शबाना आझमी, त्याला शिव्याशाप देते, आणि सगळे पांगल्यावर एक लहान मुलगा त्या वाड्याच्या खिडकीवर दगड भिरकावतो. काच फुटते. आपल्याला बरे वाटते, कारण दगड वाड्यावर गेला. त्यानंतर चाळीस वर्षांनी ‘फँड्री’तला जब्या, बहिणीची टिंगल आणि ‘फँड्री’ ‘फँड्री’ हे हिणवणे सहन न होऊन दगड उचलतो. त्याचा शेवटचा दगड थेट आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

सिनेमा संपल्यावर आमच्या सभागृहात एक तरुण म्हणाला, “काका, आपण तर जब्याच्या बाजूचे. मग दगड आपल्याला का?” मी त्याला म्हणालो, “बाळा, मघाशी डुकराच्या प्रसंगाला हसले कोण?” तो गप्प झाला. मीही त्याच हसणाऱ्यांत होतो. आणि खरे बोलायचे तर, डुकरे पाळणाऱ्या, गावोगाव भटकणाऱ्या, सफाई करणाऱ्या माणसांकडे आपल्या वस्तीतली शिकली-सवरलेली मंडळी कोणत्या नजरेने पाहतात? आपण दोरी टाकली, हे आपले भूषण. पण ज्याच्या हातातून ती अजून सुटली नाही त्याला हसण्याचा परवाना आपल्याला कोणी दिला? तो दगड बरोबर पत्त्यावर आला आहे.

आता माझी थकबाकी. 1992 साली मी आठवीत होतो. आई नगरपालिकेत झाडू कामगार. सकाळी हजेरी लावून तिची बीट असे, आणि त्या वर्षी तिची बीट आमच्या शाळेच्या रस्त्यावर आली. सकाळची शाळा. एके दिवशी मी मित्रांबरोबर फाटकाशी पोहोचलो तर समोर आई, कमरेला पदर खोचून, हातात लांब दांड्याचा झाडू. मी पटकन पाण्याच्या टाकीमागे झालो. मित्र आत गेले. मी मान बाहेर काढली तेव्हा आई माझ्याकडेच पाहत होती. तिने मान फिरवली आणि झाडत झाडत पुढे निघून गेली. घरी आल्यावर ती एक शब्द बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती त्या रस्त्यावर दिसली नाही. मुकादमाच्या हातापाया पडून तिने बीट बदलून घेतली होती, बाजारातली, मासळीच्या घाणीची. हे मला पुष्कळ वर्षांनी मावशीकडून कळले. आईला मी कधी काही विचारले नाही, आणि माफीही मागितली नाही.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे सगळे तिला सांगितले. आई समोरच भिंतीला टेकून बसली होती. आता तिचे वय झाले आहे, पण त्या रविवारी तीही विहारात बायकांच्या रांगेत बसून सिनेमा पाहत होती. माझे बोलून झाल्यावर मी खाली मान घालून म्हणालो, “आई, चुकलं माझं.” ती थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “पोरगं लपलं म्हणून आईला राग येत न्हाई रे. लपायची पाळी त्याच्यावर कुणी आणली, त्याचा राग येतो.”

मुलीने उठून आजीच्या मांडीवर डोके ठेवले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

वाचक हो, मी दोन पाने भरून जे समजावू पाहत होतो ते माझ्या निरक्षर आईने दोन वाक्यांत सांगितले. चांगला प्रसंग आपल्याला लपणाऱ्या पोराचा राग शिकवत नाही, नुसती त्याची कीवही शिकवत नाही. लपायची पाळी कोणी आणली, हा प्रश्न तो हातात ठेवतो.

म्हणून एवढेच सुचवतो. आठवड्यातून एक दिवस घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा किंवा मालिकेचा एक भाग पाहावा आणि तो संपल्यावर लगेच उठू नये. लेकरांना विचारावे: हा प्रसंग आपण कोणाच्या शेजारी बसून पाहिला? आवाज बंद केला असता तर काय उरले असते? सोसले कोणी, आणि मोठे कोण ठरले? मुले काय उत्तर देतील ते देतील, त्यांना चूक-बरोबर म्हणू नका. कदाचित त्या बोलण्यातून तुमच्याही घरातली एखादी जुनी गोष्ट बाहेर येईल. ज्यांनी ती सोसली ती माणसे घरात आहेत, तोवर विचारून घ्या. आमच्या घरात तेहतीस वर्षे लागली. तुमच्या घरात इतकी लागू नयेत.

जय भीम.